वायफाय कनेक्टेड, काड्या फुल्ल, तरी पान उघडत नाही, आणि दर आठ-दहा दिवसांनी परत तेच

वीस तारखेच्या आसपास ताईचा फोन आला की उचलायच्या आधीच मला कळतं काय झालं असणार. तिच्याकडं चार-पाच दुकानदारांची हिशेबाची कामं असतात, जीएसटीचं थ्री-बी (दर महिन्याचं रिटर्न) २० तारखेच्या आत भरायचं असतं, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "अरे, परत तेच झालंय बघ." परत तेच म्हणजे लॅपटॉपवर वायफायच्या काड्या फुल्ल, नावाखाली कनेक्टेड लिहिलेलं, आणि ब्राउझरमध्ये ते गोल गोल फिरत बसलेलं, पान काय उघडत नाही. ती मिरजेला, मी पुण्याला, त्यामुळं सगळा इलाज फोनवर. राउटर बंद करून चालू कर, लॅपटॉप रिस्टार्ट कर, झालं का, झालं, बरं ठेवतो. आणि आठ-दहा दिवसांनी परत फोन. असं चार महिने चाललं.

मी काही नेटवर्किंगवाला नाही हे आधीच सांगतो, पण घरात ज्याला एकदा प्रिंटर चालू करता आला तो जन्मभराचा इंजिनिअर होतो, तसं माझं झालंय. शेवटी दुखणं सापडलं आणि ते इतकं येडं होतं की चार महिने आपण काय करत होतो असं वाटलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. तुमचं कारण वेगळं असू शकतं, पण शोधायची पद्धत तीच राहते.

पहिली गोष्ट म्हणजे कनेक्टेड या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. वायफाय कनेक्टेड म्हणजे लॅपटॉप आणि राउटर यांचं जमलंय एवढंच, राउटरच्या पुढं नेट आहे की नाही याच्याशी त्या काड्यांचा काही संबंध नाही. तुम्ही एसटी स्टँडवर पोचलात, एवढाच त्याचा अर्थ. गाडी लागलीय का, आणि लागली असेल तर तुमच्या गावाची आहे का, हे पुढचं. विंडोज आपल्या परीनं बघायचा प्रयत्न करतं, नेटवर्कला जोडलं की गुपचूप एमएसएफटीकनेक्टटेस्ट डॉट कॉम या साइटवरनं एक बारकी टेक्स्ट फाइल मागवतं, त्या फाइलमध्ये मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट एवढे तीनच शब्द असतात, ते जसेच्या तसे आले तर नेट आहे असं मानायचं आणि नाही आले तर 'नो इंटरनेट' लिहून वायफायच्या पंख्यासारख्या चिन्हाच्या जागी पृथ्वीचा गोळा दाखवायचा. पण व्हीपीएन (सगळं नेट दुसऱ्याच सर्व्हरमधनं फिरवून नेणारं ॲप) किंवा कडक फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणारी व्यवस्था) असेल तर नेट चालू असूनही ही चाचणी नापास होते, म्हणून गोळा दिसला म्हणजे नेट गेलंच असंही नाही.

दुसरी गोष्ट मोबाइलची, आणि इथं मी स्वतः फसलो. दुसऱ्या फोनवर त्याच वायफायवर नेट चालतंय का बघायचं, चाललं तर दोष लॅपटॉपचा, नाही चाललं तर राउटरचा किंवा लाइनचा, हा सगळ्यांना माहीत असलेला आडाखा आहे. ताई म्हणायची मोबाइलवर चालतंय, म्हणून मी चार महिने लॅपटॉपच्याच मागं लागलो. पण अँड्रॉइड फोनला वायफायवर नेट मिळालं नाही की तो बऱ्याचदा न सांगता मोबाइल डेटावर जातो आणि वरती वायफायचं चिन्ह राहतंच, फार तर त्याच्यावर एक बारकं उद्गारचिन्ह येतं. तर ही चाचणी घेताना मोबाइल डेटा बंद करून घ्यायची. आधी एवढं केलं असतं तर अर्धं पोस्ट लिहायचं वाचलं असतं.

राउटरवरचे लाइट पण बघून घ्या. फायबर असेल तर त्या डब्यावर पॉन नावाचा लाइट हिरवा आणि स्थिर पाहिजे, एलओएस लाल झाला किंवा लुकलुकायला लागला तर लाइन तुटलीय, कुणीतरी रस्ता खणलाय किंवा घरातच वायर दुमडलीय, मग लॅपटॉपला हात लावायचा नाही, केबलवाल्याला फोन करायचा. आणि प्लॅन संपलाय का तेही बघा, हसू नका. बरेच छोटे केबलवाले प्लॅन संपला की त्यांचं पैसे भरायचं पान समोर टाकतात, पण आता जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएसवर (मधल्या कुणाला पान बदलता येऊ नये अशा कुलूपबंद जोडणीवर) असल्यामुळं ते पान दिसतच नाही, नुसती एरर येते. अशा वेळी नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडायची, ती मुद्दाम साध्या एचटीटीपीवर ठेवलेली साइट आहे, पैशाचं पान असेल तर तिथं समोर येतं. हॉटेलात, स्टेशनवर ओटीपीचं पान येत नसेल तरी हीच युक्ती.

आता खरं काम. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, सीएमडी टाइप करून एंटर, काळी खिडकी उघडेल. (कमांड मी इथं देवनागरीत लिहितोय, तुम्ही अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या.) तिथं आयपीकॉन्फिग, एक स्पेस, तिरकी रेघ (प्रश्नचिन्हाच्या बटणावरची) आणि ऑल. भली मोठी यादी येते, घाबरायचं नाही, वायरलेस लॅन ॲडॅप्टर वायफाय या मथळ्याखालच्या फक्त चार ओळी बघायच्या: आयपीव्ही४ ॲड्रेस (लॅपटॉपचा पत्ता), डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटर), डीएचसीपी सर्व्हर (पत्ता वाटणारा) आणि डीएनएस सर्व्हर्स (साइटच्या नावावरनं तिचा पत्ता सांगणारे). ॲड्रेस १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरनं पत्ता दिलेलाच नाही, कुणी देईना म्हणून लॅपटॉपनं स्वतःच स्वतःला एक ठेवून घेतलाय, त्याच्यावर नेट कधीच चालणार नाही. मग आयपीकॉन्फिग रिलीज आणि आयपीकॉन्फिग रिन्यू, दोन्हीत मध्ये तिरकी रेघ, म्हणजे जुना पत्ता सोडून नवा मागायचा. नाहीच झालं तर वायफाय फर्गेट करून पासवर्ड परत टाकायचा.

पत्ता बरा दिसत असेल तर तीन वेळा पिंग करायचं, म्हणजे समोरच्याला हाक मारून उत्तर येतंय का बघायचं, आणि याच क्रमानं. आधी पिंग आणि तुमचा गेटवे, म्हणजे बहुतेक घरात १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. मग पिंग ८.८.८.८, तो गूगलचा डीएनएस सर्व्हर. मग पिंग गूगल डॉट कॉम. पहिलं अडलं तर लॅपटॉप आणि राउटरमध्येच भानगड आहे. पहिलं झालं आणि दुसरं अडलं तर राउटरच्या पुढं. दोन्ही झाली आणि तिसरं 'कुड नॉट फाइंड होस्ट' म्हणालं तर डीएनएस गंडलाय, म्हणजे रस्ता चालू आहे पण साइटच्या नावावरनं तिचा आकड्यातला पत्ता सांगणाराच जागेवर नाही. तिन्ही झाली आणि तरी पान उघडत नसेल तर दोष ब्राउझरच्या आसपास, प्रॉक्सी (आपल्या आणि साइटच्या मधला मध्यस्थ सर्व्हर), व्हीपीएन, अँटिव्हायरस, घड्याळ यापैकी काहीतरी. काही ऑफिसात पिंग मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, तिथं हे गणित चालत नाही, घरी चालतं.

डीएनएसचा इलाज सोपा आहे, वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएनएस सर्व्हर असाइनमेंट असतं ते मॅन्युअल करून ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाकायचं, दुसरा क्लाउडफ्लेअरचा, मग आयपीकॉन्फिग फ्लशडीएनएस, इथंही मध्ये तिरकी रेघ. पण यात एक मेख आहे जी मीच मारून ठेवली होती. दुसऱ्याच महिन्यात मी ताईच्या लॅपटॉपवर हे आकडे टाकले, वायफाय ॲडॅप्टरच्या जुन्या खिडकीतनं, म्हणजे ते सगळ्याच वायफायला लागू. मूळ दुखणं तर गेलं नाहीच, वर ती लॅपटॉप घेऊन सांगलीला सीएंच्या ऑफिसात गेली तर तिथंही पान उघडेना, कारण त्यांच्या नेटवर्कवर बाहेरचे डीएनएस अडवलेले. एका रोगाचे दोन झाले. तेव्हापासून मी हात लावलेली प्रत्येक गोष्ट लिहून ठेवतो, आणि उपयोग झाला नाही की लगेच जिथल्या तिथं परत करतो.

प्रॉक्सीचं थोडक्यात. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी, तिथं 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' चालू असेल आणि तुम्ही स्वतः केलेलं नसेल तर बंद करा. ऑफिसचं राहून गेलेलं असतं, फुकटातल्या व्हीपीएननं घातलेलं असतं किंवा काहीतरी नको ते सॉफ्टवेअर शिरलेलं असतं. बंद करूनही रिस्टार्टनंतर परत चालू होत असेल तर बहुतेक शिरलेलंच आहे, स्कॅन मारा. व्हीपीएन नीट बंद न करता लॅपटॉप मिटवायची सवय असेल तरी असंच होतं.

घड्याळ मात्र कुणी बघत नाही. तारीख चुकली की साइटचं सर्टिफिकेट ब्राउझरला मुदत संपलेलं किंवा अजून सुरूच न झालेलं वाटतं आणि तो पान दाखवायला नकार देतो. जुन्या लॅपटॉपमध्ये आत एक नाण्यासारखा सेल असतो, बहुतेक सीआर२०३२, तो मेला की चार्जर काढून बॅटरी उतरली की तारीख मागं जाते. दर वेळी तारीख लावायची, दर वेळी चालायचं आणि दर वेळी परत बंद पडायचं, असं असेल तर घड्याळ लावत बसू नका, सेल बदला.

काही साइट उघडतात आणि काही अडकतात, गूगल पळतंय पण बँकेचं पान अर्ध्यात, असा प्रकार असेल तर तो एमटीयूचा, म्हणजे डेटाचं एक पाकीट जास्तीत जास्त किती मोठं चालतं त्या आकड्याचा असू शकतो. राउटरमध्ये यूजरनेम-पासवर्ड टाकून लाइन चालू होते तिला पीपीपीओई म्हणतात, त्यात पाकिटाच्या १५०० बाइटमधले ८ त्या व्यवस्थेलाच जातात, उरतात १४९२. राउटरमध्ये १५०० च राहिलं असेल आणि पाकीट मोठं झालंय हा निरोप वाटेत कुणी अडवत असेल तर मोठी पाकिटं गुपचूप गायब होतात. बघायचं कसं, पिंग, वजा एफ, वजा एल १४६४, मग ८.८.८.८. १४६४ मध्ये पाकिटावरच्या पत्त्या-बित्त्याचे २८ मिळवले की १४९२ होतात. 'नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड' आलं तर आकडा थोडा थोडा उतरवत जायचं, जो पास होईल त्यात २८ मिळवून राउटरच्या एमटीयूमध्ये टाकायचा.

झोपेतनं उठल्यावरच नेट जात असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर' ही टिक काढा. आणि फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन म्हणजे खरं शटडाउन नसतं, विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर झोपवून ठेवलेले असतात, म्हणून रात्री बंद केला, सकाळी चालू केला, तरी जुनंच दुखणं घेऊन उठतो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. नेटवर्क रिसेट हे सगळ्यात शेवटी, त्यात वायफायचे सगळे पासवर्ड उडतात आणि व्हीपीएन परत टाकायला लागू शकतं.

तर ताईच्या लॅपटॉपवर यातलं जवळजवळ सगळं करून झालं. दाजी तोपर्यंत वैतागले होते, फोनवर मागनं आवाज यायचा, "पावणं, नवा लॅपटॉप घेऊन टाकू का, सरळ सांगा." मग एकदा असंच बंद पडलेलं असताना मी ताईला म्हणलं, काही बंद-चालू करू नकोस, आधी पिंग ८.८.८.८ कर आणि काय येतंय सांग.

"रिप्लाय आलाय."

"किती?"

"चारच्या चार आल्यात की. लॉस शून्य टक्के."

मग नेट चालू पाहिजे. मी पाच मिनिटं ब्राउझरवर घालवली. शेवटी म्हणलं फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाक, आणि फोटो मोठा करून बघितला तर प्रत्येक ओळ अशी होती: रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.०.१, डेस्टिनेशन नेट अनरीचेबल. म्हणजे ८.८.८.८ नं उत्तर दिलंच नव्हतं, राउटर सांगत होता की मला तिकडचा रस्ता माहीत नाही, आणि विंडोज तो नकार पण आलेल्या उत्तरात मोजतं आणि खाली लॉस शून्य लिहून मोकळं होतं. ती शेवटची बेरजेची ओळ वाचूच नका, वरच्या ओळींमध्ये रिप्लाय कुणाकडनं आलाय तो आकडा वाचा.

त्या आकड्यात अजून एक गोष्ट होती, ती रात्री जेवताना डोक्यात आली. ०.१? आठवड्यापूर्वी सगळं नीट चालू असताना मी तिच्याकडनं आयपीकॉन्फिगचा एक फोटो मागवून ठेवला होता. दोन्ही शेजारी शेजारी लावले. चालू असतानाचा गेटवे १९२.१६८.१.१, बंद असतानाचा १९२.१६८.०.१. डीएचसीपी सर्व्हरची ओळ पण तशीच बदललेली. वायफायचं नाव तेच, पासवर्ड तोच, घर तेच, आणि राउटर दोन. एसटी स्टँडवर गाडी लागलेली होती, ड्रायव्हर पण बसलेला होता, फक्त ती गाडी कुठंच जाणारी नव्हती.

ताईला विचारलं, घरात दुसरा राउटर आहे का? नाही म्हणाली. दाजींना विचारलं, नाही म्हणाले. "आरं नाही कसा," मागनं भाच्याचा आवाज आला, "माळ्यावर आहे की तो, तांदळाच्या डब्यामागं." झालं असं होतं की भाच्याच्या मागच्या खोलीत रेंज येत नव्हती, म्हणून एप्रिलमध्ये केबलवाल्याच्या पोरानं जुना राउटर माळ्यावर ठेवून पुढच्या डब्यातनं, म्हणजे मुख्य राउटरमधनं, त्याला एक वायर ओढून दिली होती, नाव-पासवर्ड सारखंच ठेवलं होतं, आणि घरातले सगळे विसरून गेले होते. काम चांगलंच होतं, वायर लॅनच्या भोकातनं लॅनच्या भोकात लावली तेही बरोबर (लॅन म्हणजे घरातल्या यंत्रांसाठीचं भोक, वॅन म्हणजे बाहेरनं नेट आत येतं ते), फक्त जुन्या राउटरचं डीएचसीपी बंद करायचं राहिलं.

डीएचसीपी म्हणजे घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटणारा. असा वाटणारा घरात एकच पाहिजे. इथं झाले दोन. लॅपटॉप जोडला गेला की तो मोठ्यानं विचारतो, कुणी पत्ता देता का, आणि साधारणपणे जो आधी उत्तर देईल त्याचा घेतो. पुढच्या डब्यानं दिला तर नेट चालू. माळ्यावरच्यानं दिला तर तो म्हणतो गेटवे मी, डीएनएस पण मी, आणि त्याच्या वॅनच्या भोकात तर काहीच लावलेलं नाही, म्हणजे सगळी वाहतूक त्याच्या दारात येऊन संपते. वर हा पत्ता ठराविक मुदतीचा असतो, निम्मी मुदत झाली की लॅपटॉप ज्यानं दिला त्याच्याकडंच मुदत वाढवून मागतो, त्यामुळं चुकीचा मिळाला की चिकटून बसतो आणि बरोबर मिळाला तरी आठ-आठ दिवस सगळं सुरळीत. रिस्टार्टनं कधी चालू व्हायचं कधी नाही, ते नुसतं नशीब होतं. वीस तारखेचं कोडंपण तिथंच सुटलं. त्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत काम असतं म्हणून ताई मागच्या खोलीत बसायची, माळ्यावरच्या राउटरच्या अगदी खाली. रेंज फुल्ल असणारच.

दुरुस्ती दहा मिनिटांची. नेट बंद असलेल्या अवस्थेतच लॅपटॉपवर १९२.१६८.०.१ उघडलं, हे पान नेट नसतानाही उघडतं कारण ते राउटरच्या आतच असतं. मागं चिकटवलेल्या लेबलावरचा पासवर्ड टाकला. आधी पुढच्या डब्याचा वाटपाचा पट्टा बघून घेतला होता, तो १९२.१६८.१.२०० पर्यंत होता, म्हणून माळ्यावरच्याला त्याच्या बाहेरचा १९२.१६८.१.२५० हा पत्ता दिला आणि डीएचसीपी डिसेबल केलं. तुमच्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असा पर्याय असेल तर तो निवडला की हे सगळं तो स्वतःच करतो, याच्यात नव्हता. वायर लॅनच्याच भोकात ठेवली, वॅनमध्ये नाही. मग लॅपटॉपवर रिलीज, रिन्यू, आयपीकॉन्फिग ऑल, गेटवे १.१, डीएचसीपी सर्व्हर १.१. मी घातलेले ते डीएनएसचे आकडे पण काढून ऑटोमॅटिक केले. मागच्या खोलीत, पुढच्या खोलीत, लॅपटॉप मिटवून उघडून, चार वेळा बघितलं.

दिवाळीत मिरजेला गेलो तेव्हा माळ्यावर चढून त्या राउटरवर पांढरी चिकटपट्टी लावून मार्करनं लिहून आलोय: डीएचसीपी बंद आहे, पिवळ्या भोकात वायर, निळ्यात लावू नये. आणि रिसेटच्या बारक्या भोकावर दुसरी पट्टी, कारण कुणी टाचणी खुपसून रिसेट मारला की डीएचसीपी परत चालू होतं आणि ताईचा फोन मला.